दहा किलोमीटरचं मौन

शनिवारी दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने ठरवून टाकलं, की उद्या सकाळी आपण बोलायचं नाही.

दुसऱ्या कुणी असं ठरवलं असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण तिला ओळखणाऱ्यांना विचारा. ती सकाळी उठते तीच मुळी अर्ध्या वाक्यातून. उतू जाणारं दूध, मागे पडणारं घड्याळ, खिडकीतलं कबूतर, सगळ्यांशी तिचं बोलणं चालू असतं, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर त्यांच्या वतीने तीच देते. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या कानांना पंख्याच्या आवाजाची आणि तिच्या बोलण्याची सारखीच सवय झाली होती. चालू असतं तोवर लक्षात येत नाही. बंद पडलं की माणूस दचकून वर बघतो.

आणि नेमकी हीच वस्तू ती देवाला द्यायला निघाली होती.

कारण होतं नवऱ्याचं धावणं.

नवरा वजनमापांच्या कार्यालयात निरीक्षक होता. दुकानं हिंडायची, तराजू तपासायचे, पितळी वजनं पारखायची आणि खोट दिसली की दुकानदाराच्या तोंडावर जप्त करायची, हा त्याचा रोजचा उद्योग. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला "जरा चालत जा" म्हणून सांगितलं. तो चालायला लागला, मग पळायला लागला आणि मग थांबायचं कुणी सांगितलंच नाही. (डॉक्टर दुसरीकडे राहायला गेले.) तेव्हापासून दर वर्षी गावातल्या मोठ्या शर्यतीत तो दहा किलोमीटर धावतो. हजारभर माणसं धावतात, त्यात याचा नंबर पाचशेच्या आसपास. फार जोर लावला तर चारशे नव्वद, पोटरीत गोळा आला तर पाचशे दहा. बक्षीस कधी नाही, फोटोत कधी नाही. फोटोत असला तरी दुसऱ्या कुणाच्या तरी कोपरामागे.

त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. दहा किलोमीटर, एकदा, एका तासाच्या आत.

आजवरची त्याची सगळ्यात चांगली वेळ होती एक तास आणि अडतीस सेकंद.

"म्हणजे तासाभरात धावता म्हणा की!" ऑफिसातले साहेब एकदा कौतुकाने म्हणाले होते.

"नाही साहेब. तासाभरात नाही. तास आणि अडतीस सेकंद."

"अहो, अडतीस सेकंदांचं काय एवढं!"

"किलोला पाच ग्रॅम कमी भरलं तर आपण दुकानदाराला सोडतो का?" असं म्हणून तो फायलीत डोकं घालून बसला, आणि घरी आल्यावर दोन घास कमी जेवला.

तिला ते बघवत नसे. सासूबाईंना मात्र सगळा प्रकारच समजत नसे. "सगळ्यांच्या मागून यायचं तर पहाटे चारला उठायचं कशाला?" त्या विचारत. "उन्हं वर आल्यावर सावकाश निघावं. मागचीच जागा ना? ती कोण पळवतंय!"

"सगळ्यांच्या मागून नाही, आई. मधून."

"मधून काय, मागून काय. घरी येऊन लंगडतोस तेवढाच."

तर अशी परिस्थिती. आणि ती म्हणजे देवभोळी बाई. नुसती हात जोडून मागणारी नव्हे. काही मागायचं तर आपलंही काहीतरी सोडायचं, हा तिचा सरळ व्यवहार. पहिल्या वेळी तिने वर्षभर साखर सोडली. नवऱ्याची वेळ आली एक तास चार मिनिटं. नंतर दुपारची झोप सोडली. एक तास दोन मिनिटं. मागच्या वर्षी रोजची आवडती मालिका सोडली, तीही नायिकेची स्मृती परत यायच्या ऐन आठवड्यात. एक तास, अडतीस सेकंद. म्हणजे देव ऐकत होता यात शंका नाही. फक्त भाव करत होता.

आता याहून मोलाचं आपल्याकडे काय उरलंय, याचा विचार करत तिने उशीच्या अभ्र्याची घडी घातली, आणि उत्तर आपोआप जिभेवर आलं. म्हणजे जीभच.

"देवा," ती कोनाड्यातल्या दिव्यापुढे हात जोडून म्हणाली, "यांचे दहा किलोमीटर एकदा तासाच्या आत होऊ देत. उद्या डोळे उघडल्यापासून हे शेवटची रेषा ओलांडेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. खुणा करीन, तेवढं चालवून घे. आणि यांना यातलं काही सांगणार नाही; सांगितला की नवस अर्धा होतो." मग आज उद्याचंही बोलून घ्यावं म्हणून तिने रात्री नऊपर्यंत असं काही बोलून घेतलं, की सासूबाई कानाला रुमाल बांधून झोपल्या.

रविवारी पहाटे नवरा उठला, तेव्हा घरात काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं. त्याने पंखा बघितला. चालू होता. नळ बघितला. पाणी येत होतं. मग त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. ती ओट्याशी उभी राहून त्याची पाण्याची बाटली भरत होती. गप्प.

"अगं, माझे मोजे कुठेत?"

तिने बोट दाखवलं. मोजे खुर्चीवर होते.

"बरं वाटत नाही का?"

तिने मान हलवली. तशी ती हसलीही, अगदी मनापासून. पण चोवीस वर्षांत जी बाई न बोलता कधी हसली नव्हती, तिचं ते हसू बघून नवऱ्याने मोजा उलटाच पायात चढवला.

"चिडलीस?" त्याने हळूच विचारलं.

तिने परत मान हलवली, आणि त्याच्या छातीवर नंबराचा हिरवा कागद पिना लावून बसवून दिला. चारही पिना न टोचता. नेहमी एक तरी टोचायची आणि मग "हललात कशाला" म्हणून तीच ओरडायची. आज काहीच नाही. तो घाम पुसत दारात गेला आणि आईला म्हणाला, "ही काही बोलत का नाहीये?"

सासूबाईंनी सुनेकडे टक लावून पाहिलं आणि लेकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबा, तू काय केलंयस ते तुझं तुला ठाऊक. माझा सासरा असा गप्प बसायचा. मग तिसऱ्या दिवशी बोलायचा."

मैदानावर ही गर्दी! दहावाल्यांच्या छातीवर हिरवे नंबर, एकवीस किलोमीटरवाल्यांच्या छातीवर लाल. नवरा गर्दीत जाताना तीनदा वळून तिच्याकडे बघून गेला. तिने तिन्ही वेळा हात हलवला. आता कुठेतरी सावलीत बसावं, मनातल्या मनात नाव घ्यावं, असं ती ठरवत होती तोच समोर शिट्टीमास्तर उभे राहिले.

शिट्टीमास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त खेळाचे शिक्षक. शर्यतीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर असे आणि गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नसत, असं लोक सांगत.

"वहिनी! देवासारख्या भेटलात!" ते म्हणाले. "टाकीजवळच्या फाट्यावर उभा करायचा माणूस तापाने आडवा झालाय. तेवढं तुम्ही सांभाळा."

तिने जोरजोरात मान हलवली.

"काही अवघड नाही हो. हिरवे नंबर डावीकडे, लाल नंबर सरळ. बस."

तिने दोन्ही हात जोडले.

"अहो, नमस्कार काय करता, मीच तुमचे आभार मानायला हवेत!" मास्तरांनी तिच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट चढवलं, हातात झेंडा दिला आणि शिट्टी फुंकत निघून गेले. नाही म्हणायला एक शब्द लागतो. तो तिच्याजवळ त्या दिवशी नव्हता.

फाटा चार किलोमीटरवर होता. मास्तरांनी पाठवलेल्या गाडीतून ती तिथे पोचली. आणि सांगायला हवं, की सुरुवातीला तिने काम झकास केलं. हिरवा नंबर दिसला की झेंडा डावीकडे, लाल दिसला की सरळ. शब्दाची गरजच पडेना. दीडेकशे माणसं तिने अशी मार्गी लावली, आणि मनात म्हणाली, बघा, न बोलताही जगात बरंच काही होतं. (हे तिने पुढे कुणाला सांगितलेलं नाही.)

नवरा चोवीस मिनिटांच्या आत इथे आला, तर तासाच्या आत संपण्याची आशा. हे गणित त्यानेच वर्षभर जेवताना तिला ऐकवलं होतं. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बावीस मिनिटं. अजून वेळ आहे. साडेबावीस. तेवढ्यात वळणावर एक ओळखीचं टक्कल चमकलं.

तोच! तेवीस मिनिटांत! चेहरा लालबुंद, डोळे फाटलेले, असा धावत होता जणू पाठीमागे आग लागली आहे. सात वर्षांत तिने त्याला असं धावताना पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं. देवाने ऐकलं, देवाने ऐकलं! हातातला झेंडा काखेत मारून ती दोन्ही हातांनी त्याला पुढे, पुढे, जा, जा, असं सांगू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं.

नवऱ्याने ते पाहिलं. मान खाली घातली. आणि गेला. सरळ.

एक क्षण तिला काही उमगेना. मग काखेतला झेंडा आठवला. डावीकडे! "डावीकडे" हा शब्द धावत येऊन दातांच्या आत थांबला. बोलावं तर नवस मोडला, तास गेला. न बोलावं तर हा माणूस चालला एकवीस किलोमीटरच्या वाटेला! सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस बायकोने हाताने हाकलून दिला असं होणार.

तिने तोंड उघडलं. मिटलं. धावण्याबद्दल देवाशी काही बोलणं झालेलं नव्हतं, एवढं तिला त्या घाईत सुचलं आणि ती पायातल्या चपलांनिशी त्याच्या मागे धावत सुटली, झेंड्याची काठी वर उंचावून.

चपलांचा आवाज ऐकून नवऱ्याने मागे पाहिलं. बायको. काठी. त्याचा वेग एकदम दुप्पट झाला.

पन्नासेक पावलांवर तिची चप्पल तुटली. तो केव्हाच दिसेनासा झाला होता. तिथल्या तिथे ती खाली बसली आणि मनात म्हणाली, "देवा, मी माझा शब्द पाळतेय. पुढचं तू बघ." मग एक चप्पल हातात, एक पायात, अशी परत फाट्यावर येऊन उभी राहिली, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत झेंडा एकदाही चुकू दिला नाही.

शेवटच्या रेषेजवळ आल्यावर खरा त्रास सुरू झाला.

"वहिनी, साहेब कुठेत?" शिट्टीमास्तरांनी विचारलं. "दहावाले सगळे आले की!"

तिने दूर बोट दाखवलं.

"घरी गेले?"

तिने मान हलवली. पुन्हा दूर बोट दाखवलं, आणखी दूर.

"दवाखान्यात?" मास्तरांचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने मान हलवली, धावण्याची नक्कल केली, सरळ हात केला, कपाळावर हात मारला. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही आधी पाणी प्या." लिहून देता आलं असतं, पण खुणांचं देवाला विचारलं होतं, लिहिण्याचं विचारायचं राहिलं होतं. पळवाट काढायला तिचं मन घेईना.

शर्यत सुरू होऊन सव्वा तास झाला. दीड तास झाला. एकवीसवाले परतायला लागले. सडपातळ, चपळ, आल्या आल्या फोटो काढणारे. दोन तास झाले. तिच्या डोळ्यांसमोर त्याचा तो जेवणातला चेहरा येत होता. या वेळी दोन घास नव्हे, अख्खं ताट राहील, आणि तेही माझ्यामुळे. सव्वादोन. पाण्याची टेबलं उचलली गेली. रेषेवरच्या हवा भरलेल्या कमानीची हवा सोडायला माणसं आली, तेव्हा ती त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "मावशी, बाजूला व्हा," ते म्हणाले. तिने तोंडावर बोट ठेवलं. त्यांना वाटलं त्यांनाच गप्प राहायला सांगतेय; तेही बिचारे गप्प बसले.

दोन तास छत्तीस मिनिटांनी, अर्धी मान टाकलेल्या कमानीखालून, वाकून, नवरा आला. त्याच्या मागे फक्त रुग्णवाहिका होती, ती सौजन्याने सावकाश चालली होती.

त्याने रेषा ओलांडली, दोन पावलं टाकली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. नवस संपला होता. आता ती बोलू शकत होती. तिने तोंड उघडलंही.

"आधी माझं ऐक," तो धापा टाकत म्हणाला. "सगळं सांगतो. ओला टॉवेल पलंगावर मीच टाकतो, रोज, आणि आईचं नाव सांगतो."

तिचं तोंड उघडंच राहिलं.

"ते नसणार. पहिल्या किलोमीटरलाच मला वाटलं, एवढ्यावरून तू गप्प बसणार नाहीस. मग आठवलं, तुझ्या भावाचा फोन आला होता. तीन महिन्यांपूर्वी. तुला फोन करायला सांग म्हणाला. मी म्हटलं, सांगतो."

ती बोलू शकत होती, हे खरं. पण एखादा माणूस मन मोकळं करत असताना मध्येच बोलू नये, इतकी समज तिला त्या दिवशी नव्याने आली होती. ती शांत उभी राहिली. (हे मौन नवसातलं नव्हतं. हे वरकड.)

"तिसऱ्या किलोमीटरला स्वेटर आठवला," तो रडवेला होऊन म्हणाला. "तू विणलेला राखाडी. हरवला नाही तो. ऑफिसात आहे. बारीक वजनांचा काटा आहे ना, काचेचा, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून घालतो. अगदी मापात बसतो गं. मला जरा सैल होता."

ती गप्पच.

"आणि मग तू काठी घेऊन मागे आलीस, तेव्हा माझी खात्रीच पटली. कात्री! तुझी शिवणाची चांगली कात्री. तिने मी बुटाचे तळवे कापले. दोनदा. मागच्या महिन्यात तुला कापड कापता येईना, आणि तू दुकानदाराशी भांडून आलीस, तेव्हा मी शेजारीच उभा होतो."

एवढ्यात वेळ मोजणाऱ्या टेबलावरचा माणूस हातात कागद घेऊन आला. "हा हिरवा नंबर तुमचाच का हो? लाल वाटेवर एकटाच हिरवा. दहाव्या किलोमीटरला वेळ टिपणारी चटई अंथरली होती, तिच्यावर तुमची नोंद आलीये. एकोणसाठ मिनिटं, एक्केचाळीस सेकंद."

नवऱ्याने कागद घेतला. दुकानातलं वजन बघावं तसा उजेडाकडे धरून बघितला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"दहा पूर्ण?" त्याने विचारलं.

"पूर्ण दहा."

आणि तो मैदानात, मान टाकलेल्या कमानीखाली, बसल्या बसल्या रडायला लागला.

मग ती बोलली. पहाटेपासून साठलेलं सगळं एकदम आलं. "अहो, एकोणसाठ एक्केचाळीस! मी बोलले नाही म्हणून झालं, नवस होता माझा, चिडले कुठली, आनंदाने हात हलवत होते मी, झेंडा काखेत राहिला, डावीकडे जायचं होतं हो तुम्हाला, कळत नव्हतं का, सगळे लाल नंबर आजूबाजूला..."

"कळलं होतं," तो डोळे पुसत म्हणाला. "पाचव्या किलोमीटरलाच कळलं. पण परत फिरायचं म्हणजे फाट्यावर तू उभी. मी म्हटलं, बरंच झालं, अकरा किलोमीटर उशिरा घरी जाता येईल."

ती हसली, तोही हसला. देवाने तिचं म्हणणं अगदी तोलून मापून ऐकलं होतं. तिने दहा किलोमीटर तासाच्या आत मागितले होते. दहानंतर थांबू दे, असं तिने म्हटलंच नव्हतं.

"आणि काय हो," तुटकी चप्पल त्याच्या हातात देत ती म्हणाली, "कात्री दोनदा म्हणालात की तीनदा?"

शर्यतीच्या कागदोपत्री त्याच्या नावापुढे काही नाही. दहाच्या यादीत 'पूर्ण केली नाही', एकवीसच्या यादीत नावच नाही. पण तो हाताने लिहिलेला कागद कोनाड्याशेजारी चौकटीत लावलाय. पुढच्या रविवारी ऑफिसातलं मोजणीचं चाक आणून तो पाच तास रस्ता मोजत फिरला. चटईची जागा दहा किलोमीटर आणि सहा मीटरवर निघाली. घरी येऊन तो पोटभर जेवला. सासूबाई म्हणाल्या, "झालं ना एकदाचं? आता झोपत जा पहाटे." दुसऱ्या दिवशी चारला तो उठला. आता त्याला अठ्ठावन्न मिनिटं हवी आहेत.

परवाचीच गोष्ट. तो पळायला निघाला होता. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. त्याने विचारलं, "येऊ का जाऊन?" ती काही बोलली नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने नुसतं वळून बघितलं. नवऱ्याचा एक बूट पायात होता, एक हातात. तो तिथेच पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुझ्या शिलाई मशीनची सुई मोडली होती ना, ते मीच गं. छातीचा नंबर कापडावर शिवायला गेलो होतो."

तिने दातांत धरलेले कपड्यांचे तीनही चिमटे एकेक करून तोंडातून काढले, दोरीवर लावले आणि शांतपणे विचारलं,

"कोणती सुई?"